कोलूची पाहणी

भवानीच्या पदरात यातून काय पडायचं होतं ते आधी मांडून ठेवू. मद्रासच्या विद्यापीठात अर्थशास्त्राच्या संशोधनाची जागा, दोन वर्षं. महिना चाळीस रुपये. आणि तंजावरच्या मणीशी ठरू घातलेलं लग्न तेवढंच लांबणीवर. नाही जमलं तर पोंगल झाल्यावर तै महिन्यात अक्षता. म्हणजे जमेला तीन कलमं आणि खर्चाला एक, पण ते एक असं की बाकीची तिन्ही त्यात बुडावीत.

मणी वाईट नव्हता हो. कलेक्टर कचेरीत कारकून, सरळ नाक, थोडा तोतरा. वाईट होतं ते हे, की भवानीला त्याच्यापेक्षा रुपयाचा भाव जास्त आवडे.

साल बत्तीस. कावेरीकाठच्या कुंभकोणमच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्गात एकतीस मुलगे आणि दाराजवळच्या वेगळ्या खुर्चीवर ही एक. विषय इतिहास आणि अर्थशास्त्र. शिकवायला कृष्णमूर्ती नावाचे प्राध्यापक. फेटा बांधलेला, खिशात खडूचे तुकडे, आणि एकच वेड: जग पुस्तकात शोधू नका, एका रस्त्यात शोधा. त्यांनी चार पानी छापील प्रश्नावली वाटली. एक गाव किंवा एक रस्ता घ्यायचा. तिथल्या घरांत परदेशातून काय येतं आणि त्या घरांतून परदेशी काय जातं, ते लिहून आणायचं. सगळ्यांत चांगली पाहणी मद्रासला जाईल आणि ती करणाराही तिच्या मागोमाग. मुदत विजयादशमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा.

मुलगे गावोगाव पांगले. पांगले म्हणजे मामाच्या गावी गेले. सुंदरेश तिरुविडैमरुदूरला मामाच्या ओसरीवर बसला, मामा सांगत गेले, हा लिहीत गेला, मधे दोनदा ताक झालं. दुपारी चारच्या गाडीनं परत.

भवानीचे वडील सेतुरामराव मुन्सिफ कोर्टात हेडक्लार्क. प्रश्नावली वाचून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"माझी मुलगी दारोदार जाऊन विचारणार, तुमची काडीपेटी कुठली? कोर्टात माझी शोभा काय राहील?"

"अप्पा, नवरात्रात दारोदार गेले तर?"

"नवरात्रात जायचंच असतं. न गेलीस तर लोक विचारतील."

"मग झालं तर."

सेतुरामरावांना आपण कशाला हो म्हटलं ते कळायला आठ दिवस लागले.

कुंभकोणमला नवरात्र म्हणजे कोलू. घरोघरी पायऱ्या मांडून त्यावर बाहुल्या बसवायच्या. वर देव, मधे राजे-संत, खाली वाणी-वाणीण आणि त्यांचं किराणा दुकान. नऊ संध्याकाळी बायकांना सगळी दारं उघडी. यायचं, बसायचं, एक गाणं म्हणायचं, कुंकू लावून घ्यायचं, विडा आणि द्रोणातलं हरभऱ्याचं सुंडल घेऊन पुढच्या घरी. गावातल्या मोठ्या तळ्यापासून दोन वळणांवरच्या त्या रस्त्यात चौदा घरं होती. तेरा तमिळ आणि एक यांचं, मराठी.

गाण्यांची वही काखेत असली की कोणी विचारत नाही. भवानीच्या वहीत गाणं एकही नव्हतं. ती मोडीत लिही. इंग्रजी रस्त्यातल्या निम्म्या नवऱ्यांना यायचं, तमिळ सगळ्यांनाच; मोडी मात्र या एका घरात होती. चार पिढ्या यांनी तंजावरच्या राजवाड्यात मोडी लिहून पोट भरलं. मग राज्य खालसा झालं, पगार गेला, लिपी तेवढी घरी आली, जुन्या मोठ्या पातेल्यासारखी: रोज लागत नाही आणि मोडीत घालवत नाही. सेतुरामरावांनी ती मुलीला सुट्टीच्या दुपारी शिकवली होती, काही उपयोग नाही हे बजावून.

पहिल्या तीन संध्याकाळी नुसती लूट. नागलक्ष्मीमामींच्या तिसऱ्या पायरीवर, दोन आळवार संतांच्या मधोमध, सेल्युलॉइडची जपानी बाहुली. येन घसरल्यापासून दोन आण्याला मिळत होती. शिवकामीच्या घरी जर्मन चिनीमातीचा कुत्रा, त्याला कपाळावर गंध. बांगड्या बोहेमियाच्या, काडीपेटी स्वीडनची, आणि सुंडल सोडून बाकी नैवेद्याचा तांदूळ, रंगूनहून येणारा, इथल्या भातापेक्षाही स्वस्त. जग खरंच रस्त्यात होतं, आणि बरंचसं दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर मांडलेलं होतं.

चौथ्या संध्याकाळी गोमतीमामी कुंकू लावायला वाकल्या आणि त्यांच्या गळ्यातली मोहरांची माळ भवानीच्या नाकापुढं लोंबली. सोनं लोंबतं तेव्हा जड हलतं. ही किणकिणली. मानेवर घामाची धार होती आणि धारेच्या कडेनं हिरवट रेघ. गिलिटाचा दागिना अंगावर घामेजला की हिरवा उमटतो. हे भवानीला कसं माहीत? तशीच रेघ तिनं महिनाभर आईच्या मानेवर पाहिली होती आणि हळदीचा डाग म्हणून सोडून दिली होती.

त्या दिवसापासून तिनं बाहुल्या सोडल्या आणि माना धरल्या.

दुसऱ्या सकाळी ती कृष्णमूर्तींच्या टेबलापाशी उभी राहिली. "सर, आत काय येतं ते मिळालं. बाहेर काय जातं तेही मिळालं. सोनं."

प्राध्यापकांच्या हातातला खडू थांबला. "गेल्या वर्षी सप्टेंबरात इंग्लंडनं पौंडाची सोन्याशी बांधलेली गाठ सोडली. आपला रुपया त्यांच्या पौंडाला बांधलेला. सोनं तोळ्याला बाविसावरून तिशीला गेलं आणि भात निम्म्यावर आलं. शेतसारा मात्र होता तेवढाच. मुंबईहून दर आठवड्याला सोन्याची जहाजं सुटतात, हे मी वर्तमानपत्रात वाचतो. पण कुठल्या रस्त्यातून किती आणि कशासाठी, ते कोणी लिहिलेलं नाही. आकडे आण."

"आकडे बायका सांगायच्या नाहीत, सर. नवऱ्यांनाही पुरते ठाऊक नसतील."

"मग बाहुल्यांची यादी दे. बरी आहे. पण बऱ्या यादीला मद्रास मिळत नाही." ती वळली तसे ते पुन्हा म्हणाले, "आणि स्वतःचं घर वगळू नकोस. पाहणी करणारे सगळे तेवढंच वगळतात."

म्हणून तिनं तेही लिहिलं. मोडीत, अकराव्या ओळीत: आमचे घर, आई, पुतळ्यांची माळ गिलिट, कंबरपट्टा नाही, अंदाजे दहा तोळे.

आठव्या दिवशी मणीची आई सीतालक्ष्मीबाई तंजावरहून आल्या. निमित्त कोलूचं, काम सून पाहण्याचं. धिप्पाड बाई, गळ्यात चंद्रहार, बोलणं जुन्या मराठीचं. संध्याकाळी भवानी त्यांना नागलक्ष्मीमामींकडे घेऊन गेली. वकिलाचं घर, पंधरा-वीस बायका, पायपेटी. मामींनी दोन गाणी ऐकली आणि भवानीला गाठलं.

"रोज ही मराठी गाण्यांची वही मिरवतेस आणि गातेस तीच दोन तमिळ कीर्तनं! आज वहीतलं होऊन जाऊ दे."

"घसा बसलाय, मामी."

"घसा बसला तर वही बोलेल." मामींनी ती ओढून घेतली, उघडली आणि डोळे बारीक केले. "अग बाई, हे काय? भिंतीवरून मुंग्या चालल्यात!"

"आण इकडे," सीतालक्ष्मीबाई म्हणाल्या. "मोडी आहे ती. आमच्या मामंजींनी मज शिकविली. तंजावरात आता ती वाचणारी बाई मी एकटी."

भवानीच्या हातातला द्रोण कलंडला. हरभरे सतरंजीवर घरंगळले, कोणी पाहिलं नाही. सगळ्या सीतालक्ष्मीबाईंकडे बघत होत्या. त्यांचं बोट ओळीवर फिरत होतं. गोमतीपाशी थांबलं. नागलक्ष्मीपाशी थांबलं. अकराव्या ओळीपाशी बराच वेळ थांबलं. मग पानाच्या तळाशी आलं, तिथं शाई ओली होती: तंजावरच्या पाहुण्या, चंद्रहार, गिलिट? असं प्रश्नचिन्हासकट.

बाईंनी घसा खाकरला. आणि तुळजापूरच्या देवीला आळवणारं एक जुनं, लांबलचक गाणं त्यांनी वहीतून वाचून दाखवल्यासारखं म्हटलं. बोट प्रत्येक कडव्याला एकेका घराखालून सरकत होतं. शेवटी ऐकणाऱ्यांतल्या दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय गोड भाषा!" नागलक्ष्मीमामी म्हणाल्या. "एक शब्द कळला नाही."

वही परत मिळाली नाही. सीतालक्ष्मीबाईंनी ती काखेत मारली आणि रस्त्यात पोचल्यावर तोंड उघडलं.

"माझ्या गळ्यापुढे प्रश्न काय म्हणून गे?"

"खात्री नव्हती, काकू."

"खात्री नव्हती तर पुसायचे होतेस."

"पुसलं असतं तर सांगितलं असतंत?"

बाईंनी वही दुसऱ्या काखेत घेतली. "नसते," म्हणाल्या. "तुझ्या बापाने आम्हांस पंचवीस तोळे कबूल केले आहेत. ते कुठून यायचे होते?"

"तुम्ही मला चंद्रहार घालणार होतात. तो कुठून?"

सीतालक्ष्मीबाई थांबल्या. आधी त्यांचे खांदे हलले, मग सगळं अंगच. हसू आवरायला त्यांनी एका घराच्या कठड्याला धरलं. "तुमचे गिलिट, आमचे गिलिट! लग्न लागले असते ते त्या सोनाराचे!" सोनार म्हणजे महालिंग आसारी, गिलिट तोच करून देई आणि सोनं तोच घेऊन जाई.

हसू संपल्यावर बाई पुन्हा विहीण झाल्या. "ऐक. पाने फाड. मी काही वाचले नाही. तै महिन्यात गिलिटावरच लग्न लावू. फोटोत सारखेच दिसते."

"पानं फाडायची नाहीत."

"मग तुझ्या आईस सांगेन, घरची लाज लिहून मद्रासास धाडते आहेस म्हणून."

"मीच सांगेन. उद्या सगळ्या आमच्याकडे येणारेत. सगळ्यांनाच सांगेन."

"वेडी आहेस?"

"काकू, तुमचं सोनं कुठं गेलं?"

"आसारीकडे."

"तिथून?"

"मुंबईस असेल."

"तिथून लंडनला. बोटीनं."

बाईंनी गळ्यातला हार चाचपला, जणू तोही निघाला होता. "मी जन्मात श्रीरंगमच्या पलीकडे गेले नाही," त्या म्हणाल्या, "आणि माझा हार विलायतेस? एकटाच?"

"एकटा नाही. तेच तर लिहितेय. या रस्त्यातल्या प्रत्येकीला वाटतं, आपलंच घर बसलं. म्हणून जी ती झाकते. चौदाच्या चौदा घरं एकाच वर्षात बसली, तर ती काही चौदा नवऱ्यांची अक्कल नव्हे."

"त्यातल्या दोघातिघांची असेल," सीतालक्ष्मीबाई म्हणाल्या. पण वही त्यांनी फाडली नाही.

नववा दिवस सरस्वतीपूजेचा. त्या दिवशी घरातली पुस्तकं, दौती, लेखण्या, सगळं देवीपुढं. दुसऱ्या सकाळी पूजा उचलेपर्यंत कोणी वाचायचं नाही, एक अक्षर लिहायचं नाही. भवानीच्या आईनं, अंबाबाईंनी, सेतुरामरावांचं कोर्टातलं फाउंटन पेनसुद्धा खिशातून काढून घेतलं. ढीग रचून झाला तेव्हा सीतालक्ष्मीबाईंनी काखेतली वही त्याच्यावर ठेवली आणि तिला हळदकुंकू वाहिलं. आता ती उद्यापर्यंत कोणाचीच नव्हती.

भवानी स्वयंपाकघरात गेली. आई हरभरे उपसत होती.

"आई, मी तुझे दागिने लिहिलेत. नाहीत, ते."

अंबाबाईंनी झारा निथळू दिला.

"किती लिहिलेस?"

"दहा तोळे."

"बारा," अंबाबाई म्हणाल्या. "लिहायचं तर धड लिही."

संध्याकाळी तेरा घरच्या तेरा जणी आल्या. पाहुण्या सीतालक्ष्मीबाई खांबाला टेकून. नागलक्ष्मीमामींनी भवानीला गायला सांगितलं. भवानी उठून उभी राहिली. आधी प्राध्यापक, मग प्रश्नावली, मग माळ कशी किणकिणते ते, मग वही. शेवटी म्हणाली, "मला तुमचे खरे आकडे हवेत. नावं लिहिणार नाही."

नागलक्ष्मीमामींचा चेहरा कुंकवाइतका लाल.

"आमच्या घरी येऊन, आमचं सुंडल खाऊन, आमच्या माना मोजत होतीस?"

"हो, मामी."

"आणि मी तुला दोन द्रोण दिले!"

गोमतीमामी पदर सावरून दाराकडे निघाल्या. कुंकू न घेता. कोलूच्या घरून असं कोणी उठलेलं त्या रस्त्यानं पाहिलं नव्हतं. पण दारात कुंकवाचं ताट घेऊन अंबाबाई उभ्या होत्या, आणि सवाष्णीला ते ताट ओलांडता येत नाही. गोमतीमामी ताटापुढं थबकल्या, पुढंही होईनात आणि मागंही.

तेवढ्यात खांबाकडून आवाज आला. तमिळमध्ये, पण तंजावरच्या मराठी वळणाचा. "माझे नऊ तोळे. चंद्रहार. मुलाच्या बापाच्या आजारपणात चार गेले, सावकाराच्या व्याजात पाच." सगळ्या वळल्या. सीतालक्ष्मीबाईंनी देवीपुढच्या ढिगाकडे हात केला. "आज लेखणी तिथे आहे. या पोरीस आज एक अक्षर लिहायची सोय नाही. आज बोललेले हवेत गेले. बोलायचे असेल तर आजच बोला गे."

मग अंबाबाई, ताट तसंच हातात: "बारा. आठ आमच्या तिरुविडैमरुदूरच्या शेताच्या तुकड्याच्या साऱ्यात." त्या एवढ्यावर थांबणार होत्या. पण धड सांगायचं त्यांनीच सकाळी ठरवलं होतं. "चार हिच्या कॉलेजच्या फीत. ते मी एकटीनं जाऊन विकले. यांना ठाऊक नाही. यांना वाटतं, फी माफ झाली."

भवानीला हे आकड्यात कुठंच सापडलं नव्हतं.

नागलक्ष्मीमामी नाक ओढत म्हणाल्या, "वकिलाचं घर म्हणून कोणी उसने मागायला येतं, कोणी फी द्यायला येत नाही. अकरा." मग शिवकामी. मग कोपऱ्यातली विशालाक्षी, जिच्या नवऱ्यानं मागच्याच महिन्यात गिलिटाच्या माळेला 'वजनदार' म्हटलं होतं. ते तिनं सांगितलं आणि खोली फुटल्यासारखी हसली. त्या हसण्यानंतर थांबवणं कठीण झालं. "तुझ्याकडेही?" "मग पोंगलला घातलेलं काय होतं?" "आसारीचंच की!" प्रत्येकीला दुसरीचं ऐकून वाईट वाटत होतं आणि बरंही, दुसरं जरा जास्त.

भवानीच्या हातात काही नव्हतं. ती कोलूकडे बघत राहिली आणि एकेक आकडा एकेका बाहुलीच्या डोक्यावर ठेवत गेली. अकरा विष्णूवर. सात वाण्यावर, पाच वाणिणीवर. आईचे बारा लाकडी राजावर, कारण तो यांच्या घरात सगळ्यांत जुना.

गोमतीमामी अजून दारातच होत्या. "उद्या लिहिशील?"

"उद्या लिहीन, मामी."

"नाव नाही?"

"नाव नाही. तोळे आणि कशासाठी, एवढंच."

"मग माझे सहा लिही. नाही, सहा नको, साडेसहा." त्यांनी कपाळ पुढं केलं आणि कुंकू लावून घेतलं. "अर्धा तोळा नथीचा. तोच फार लागला."

विजयादशमीच्या सकाळी पूजा उचलली. त्या दिवशी मुलांना पहिलं अक्षर काढायला बसवतात, म्हणून घरोघरी पाट मांडलेले. भवानीनं आपला पाट कोलूसमोर ओढला आणि आईला बजावलं, एकही बाहुली हलवायची नाही. दुपारपर्यंत ती बाहुल्यांच्या डोक्यावरून आकडे उतरवत होती. सेतुरामराव कोर्टाला सुट्टी म्हणून घरीच. त्यांनी मुलीच्या खांद्यावरून वाकून शेवटचं पान वाचलं. बराच वेळ वाचलं. मग आत जाऊन अंबाबाईंना विचारलं, "फी माफ झाली नव्हती?"

"नव्हती."

ते बाहेर आले, आपलं फाउंटन पेन भवानीच्या पाटावर ठेवलं आणि ओसरीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी दहाला दहा मिनिटं कमी असताना कागद कृष्णमूर्तींच्या टेबलावर होते. शेजारी सुंदरेशचे, सुबक अक्षरात. त्यात 'दागिने' या प्रश्नापुढं लिहिलं होतं: आहेत तसेच. माहिती देणार: मामा.

आता हिशेब. भवानीला मद्रास मिळालं, दोन वर्षं, महिना चाळीस. सीतालक्ष्मीबाईंनी तंजावरला जाऊन जाहीर केलं की सोनं फार चढलंय, उतरलं की लग्नाचं बघू. ते काही उतरलं नाही. मणीचं लग्न तंजावरातच दुसरीकडे झालं आणि तो चंद्रहार त्या नव्या सुनेच्या गळ्यात पडला. ती कधी विचारेल तेव्हा विचारेल. कृष्णमूर्तींचं नाव छापील अहवालाच्या वरच्या पानावर आलं, भवानीचं तळटीपेत. सरकारला सारा पोचला, सावकाराला व्याज, लंडनला सोनं. महालिंग आसारीनं माडीवर एक खोली चढवली.

भरलं चौदा बायकांनी. एकशे साडेसव्वीस तोळे: साडेएकाहत्तर साऱ्याला, तीस व्याजाला, एकवीस लग्नं आणि औषधपाण्याला. उरलेले चार 'शिक्षण' या सदरात आहेत. त्या सदरात दुसरं नाव नाही, म्हणजे नाव पहिलंही नाही. पण रस्त्यात कोणीही सांगेल ते कोणाचे.